आमच्या जुन्या मॅसीमागचा माणूस : हॅरी फर्ग्युसन

गेल्या मे महिन्यात दहा दिवसांची सुट्टी टाकून गावी गेलो होतो. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, एका मामा तलावाच्या पाळीखाली आमची दोन एकर धानाची शेती आहे. (मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आमच्या भागात गावोगावी आहेत.) शेती आहे म्हणजे सातबाऱ्यावर आहे. आजोबा गेल्यापासून सहा वर्षं तिथे नांगर लागला नव्हता. तलावाच्या बाजूने बेशरम आत शिरली होती, धुऱ्यांवर घाणेरी माजली होती आणि मधल्या बांध्यांमध्ये तरोटा, बाभूळ आणि पळसाची झुडपं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. कोणती बांधी कुठे संपते तेच कळत नव्हतं.

बाबांचं ठरलं होतं. गोठ्यामागे उभा असलेला जुना ट्रॅक्टर भंगारात द्यायचा आणि जमीन विकायची. काकाजी मात्र अडून बसले होते. शेवटी घरात असं ठरलं की मृगाच्या आधी जमीन साफ झाली तर ठेवायची, नाही झाली तर गिऱ्हाईक बघायचं. म्हणून मी, काकाजी आणि तो ट्रॅक्टर, असे तिघं कामाला लागलो.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५, आजोबांनी सेकंडहँड घेतलेला, वयाने माझ्यापेक्षा मोठा. स्क्रीन नाही, सेन्सर नाही, एकही चिप नाही. आणि त्याच ट्रॅक्टरवर चौथ्या दिवशी मी मरता मरता वाचलो. चूक पूर्णपणे माझी होती.

झालं असं की पळसाचं एक खोड काही केल्या निघेना. पळस वरून कितीही तोडा, खालून पुन्हा फुटतो. म्हणून खोडाला साखळी बांधली आणि साखळीचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या मागे, सीटखाली, वरच्या बाजूला जिथे टॉप लिंक लागते तिथे अडकवलं. हाताला ती जागा सोपी वाटली, एवढंच कारण. पहिला गिअर टाकून क्लच सोडला. खोड हललं नाही, पण पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि बोनेट माझ्यासमोर वर यायला लागलं. काकाजी ओरडले, माझा पाय आपोआप क्लचवर गेला आणि चाकं धाडकन खाली आली. काकाजींनी आधी मला खाली उतरवलं, मग काहून वर बांधलीस म्हणून गावाला ऐकू जाईल एवढ्या शिव्या दिल्या. आणि मग शांतपणे साखळी काढून खाली, मागच्या ॲक्सलच्याही खाली असलेल्या ड्रॉबारला लावली.

त्या रात्री झोप लागेना. मोबाइलवर शोधत बसलो की हे नेमकं झालं कसं. शोधता शोधता एका माणसापर्यंत पोचलो, ज्याचं निम्मं आयुष्य याच प्रश्नाशी झुंजण्यात गेलं. त्याचं आडनाव आमच्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर लिहिलेलं आहे. लहानपणापासून ते रोज बघत होतो, पण फर्ग्युसन हा माणूस होता हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेतातून पळालेला मुलगा

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमध्ये, ड्रोमोर गावाजवळ. घर शेतकऱ्याचं, भावंडं अकरा. वडील कडक धार्मिक. हॅरीला ना ती शिस्त आवडायची, ना घोड्यांमागे नांगर धरणं. अंगकाठीही बारीक. देश सोडून जायचा विचार चालू होता, तेवढ्यात मोठा भाऊ जो याने बेलफास्टमध्ये मोटारी आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं, तिथे तो १९०२ मध्ये शिकाऊ म्हणून लागला.

हे वाचताना मला आपल्याकडची एक जोडी आठवली. हॅरीच्या जन्मानंतर चारच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाच्या साथीने सायकलचं दुकान सुरू केलं होतं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. तो खपायला फार वेळ लागला, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कारखान्यासाठी जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनजवळची, निवडुंग माजलेली आणि सापांनी भरलेली ३२ एकर ओसाड जमीन. तीच आजची किर्लोस्करवाडी. म्हणजे दोघांची सुरुवात सायकलीच्या दुकानातून आणि दोघंही शेवटी नांगरापाशी पोचले.

हॅरी मात्र मध्ये आकाशात जाऊन आला. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या बातम्या वाचून तो १९०९ मध्ये विमानांची प्रदर्शनं बघायला गेला, परत येऊन स्वतःच विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरोला ते उडवलं. उड्डाण सव्वाशे मीटरही नव्हतं, पण आयर्लंडमध्ये इंजिनाच्या विमानाने उडालेला तो पहिला माणूस ठरला. पुढे एक-दोनदा आपटल्यावर आणि लग्न झाल्यावर त्याने विमानं सोडली. १९११ पासून त्याची स्वतःची मोटार कंपनी होती, आणि तिथे तो ट्रॅक्टरही विकू लागला.

प्रश्न नांगराचा नव्हता, जोडणीचा होता

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई झाली. १९१७ मध्ये सरकारच्या शेती खात्याने फर्ग्युसनला काम दिलं की आयर्लंडभर फिरून ट्रॅक्टर नीट चालतात का ते बघ. आपला मेकॅनिक विली सँड्स याला घेऊन तो गावोगाव फिरला. जे दिसलं ते त्याला अजिबात पटलं नाही. ट्रॅक्टर बनवणाऱ्यांनी घोडा काढून त्याच्या जागी इंजिन ठेवलं होतं, बाकी सगळं तसंच. नांगर मागे साखळीने किंवा दांड्याने ओढला जायचा, त्याला स्वतःची चाकं असायची आणि तो सांभाळायला पुष्कळदा दुसरा माणूस लागायचा. जमिनीला पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर जड करायचे, आणि जड ट्रॅक्टर चालले की खालची माती दाबून टणक व्हायची.

त्याच वर्षी हेन्री फोर्डने फोर्डसन नावाचा हलका, स्वस्त ट्रॅक्टर आणला. तो धडाधड विकला गेला. पण त्याची एक वाईट ख्याती झाली. मागचा नांगर दगडात किंवा मुळात अडकला की पुढची चाकं वर उचलायची आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. अनेक शेतकरी असे मेले.

हे का होतं, ते सोप्या भाषेत बघू. इंजिन मागच्या चाकांना पुढे फिरवत असतं. मागचं ओझं हलत नसेल आणि चाकांची पकड पक्की असेल, तर चाकं फिरू शकत नाहीत. पण इंजिनाचा जोर कुठेतरी जाणारच. मग चाकं जागेवर राहतात आणि ट्रॅक्टरचं धूडच ॲक्सलभोवती उलटं फिरायला लागतं, म्हणजे पुढून वर. ओढण्याची जागा ॲक्सलच्या वर असेल तर साखळी त्याला मागे खेचायला आणखी मदतच करते. जागा खाली असेल तर पुढचा भाग उचलला जाताना तो ड्रॉबार आणखी खाली जातो आणि खेच आपोआप कमी होते. मी नेमकी पहिली चूक केली होती. असा ट्रॅक्टर उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. काकाजी दोन पावलांवर नसते तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

फर्ग्युसनने विचार उलटा केला. ट्रॅक्टर वेगळा आणि नांगर वेगळा असं समजायचंच नाही, दोन्ही मिळून एकच यंत्र आहे असं धरायचं. १९१७ च्या अखेरीस त्याने चाकं नसलेला, ट्रॅक्टरलाच थेट जोडलेला हलका नांगर बनवला. तो फोर्डच्या मॉडेल टी गाडीपासून बनवलेल्या ट्रॅक्टरसाठी होता. मग फोर्डसनसाठी एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी केली. नांगर अडकला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे ढकलायचा, त्यामुळे पुढची चाकं जमिनीला चिकटून राहायची. उलटण्याचा प्रश्न सुटत आला. पण दुसरा उभा राहिला. नांगराला चाक नाही, मग तो किती खोल जाणार हे कोण ठरवणार?

चिपशिवाय चालणारा ऑटो मोड

तुमच्या फोनमध्ये ऑटो ब्राइटनेस असतो. सेन्सर बाहेरचा उजेड मोजतो, फोन त्याप्रमाणे स्क्रीन कमी-जास्त करतो, पुन्हा मोजतो, पुन्हा बदलतो. इंजिनिअरिंगमध्ये याला फीडबॅक लूप म्हणतात. मी रोज ऑफिसमध्ये असेच लूप कोडमध्ये लिहितो. फर्ग्युसन आणि त्याच्या माणसांनी हाच लूप १९२० च्या दशकात तेल, स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह वापरून बनवला. त्याचं पेटंट १९२६ चं आहे.

कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा (इंजिन बंद असताना). खाली दोन दांडे दिसतील आणि वर मध्ये एक. याला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. खालचे दोन दांडे नांगर ओढतात आणि उचलतात. नांगर मातीत गेला की माती त्याला मागे धरते, त्यामुळे नांगर पुढे कलंडायला बघतो आणि वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, ट्रॅक्टरकडे ढकलला जातो. टॉप लिंकच्या मुळाशी एक जाड स्प्रिंग असते. माती जितकी कडक, तितकी स्प्रिंग जास्त दबते. हा झाला सेन्सर.

स्प्रिंग दबली की ती हायड्रॉलिक पंपाचा व्हॉल्व्ह हलवते. तेलाचा दाब वाढतो, खालचे दांडे नांगराला किंचित वर घेतात. ओझं कमी झालं की स्प्रिंग सैल होते आणि नांगर पुन्हा खाली जातो. चालवणाऱ्याने फक्त एक लिव्हर एका जागी ठेवायचा, बाकी ट्रॅक्टर स्वतः बघतो. याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. नांगर दांड्यांवर टांगलेला असल्यामुळे त्याचं वजन आणि मातीचा खालच्या दिशेने येणारा दाब मागच्या चाकांवर येतो. म्हणजे काम जड झालं की पकड आपोआप वाढते. ट्रॅक्टर मुद्दाम जड बनवायची गरज उरत नाही. आणि नांगर एकदम एखाद्या मुळात अडकलाच, तर टॉप लिंकच्या जोरदार धक्क्याने व्हॉल्व्ह उघडतो, चाकांवरचं ते जास्तीचं वजन निघून जातं आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. ट्रॅक्टर उलटण्याऐवजी नुसता थांबतो.

दुसऱ्या दिवशी मी हे डोळ्यांनी बघितलं. काकाजी दोन फाळांचा नांगर लावून मोरांड मातीच्या बांधीत उतरले. सहा वर्षं न नांगरलेली जमीन, जागोजागी मुळं. मी बाजूने चालत होतो. कडक पट्टा आला की दांडे बोटभर वर जायचे, पुढे मऊ लागली की खाली. काकाजींचा हात लिव्हरवर नुसता ठेवलेला होता. एका जागी पळसाचं मूळ लागलं, इंजिनाचा आवाज दबला, मागची चाकं गरकन फिरली आणि ट्रॅक्टर उभा राहिला. पुढची चाकं जमिनीवरच होती. काकाजींनी नांगर उचलला, थोडं मागे घेतलं, मी कुऱ्हाडीने मूळ तोडलं आणि काम पुढे सुरू झालं.

नुसता हात मिळवून केलेला करार

तंत्र तयार झालं, पण ते बसवायला ट्रॅक्टर कोण बनवणार? १९३३ मध्ये फर्ग्युसनने स्वतःचा एक नमुना ट्रॅक्टर बनवला. त्याचा रंग काळा होता. १९३६ पासून इंग्लंडमधल्या डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात त्यावर आधारलेले ट्रॅक्टर निघू लागले. जेमतेम साडेतेराशे निघाले असतील, तोवर दोघांचं पटेनासं झालं.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर जहाजात घालून अमेरिकेला गेला आणि त्याने थेट हेन्री फोर्डच्या शेतावर तो चालवून दाखवला. फोर्ड तेव्हा पंच्याहत्तरीचा होता, शेतकऱ्याच्याच घरात जन्मलेला. दोघं शेतातच टेबल टाकून बसले. फर्ग्युसनने एका छोट्या मॉडेलवर सगळं समजावलं. मग दोघांनी हात मिळवले. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचे आणि फर्ग्युसनने तंत्र द्यायचं, विक्री सांभाळायची. कागदावर एक ओळही लिहिली नाही.

१९३९ मध्ये आलेला तो फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर आणि त्याची पुढची आवृत्ती मिळून तीन लाखांहून जास्त नग बनले. पण १९४५ मध्ये कंपनी हेन्री फोर्डच्या नातवाच्या हाती गेली. त्याने हिशेब बघितले, तर या धंद्यात कंपनीला तोटा दिसत होता. आजोबांनी हातावर हात मारून दिलेला शब्द त्याने मोडला. १९४७ मध्ये फोर्डने आपला नवा ट्रॅक्टर स्वतःच विकायला काढला, आणि त्यात फर्ग्युसनचीच पद्धत होती. हेन्री फोर्ड त्याच वर्षी वारले होते, म्हणजे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

फर्ग्युसन कोर्टात गेला. खटला चार वर्षं चालला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि त्याला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. मागितलेल्या रकमेच्या मानाने हे थोडेच होते, आणि तोवर त्याच्या बऱ्याच पेटंटची मुदतही संपली होती. त्यामुळे आता कोणालाही ही पद्धत वापरता येणार होती.

आमच्याकडे शेती ठेक्याने द्यायची तर आजही पुष्कळदा शब्दावरच देतात. दोन म्हातारे जिवंत असेपर्यंत तो शब्द चालतो, नातवांच्या वेळी भांडण होतं. फर्ग्युसनची गोष्ट वाचून मी पहिलं काम केलं ते हे की आमच्या जमिनीची मोजणी आणि कागदपत्रं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवली.

छोटा करडा ट्रॅक्टर

खटला चालू असताना फर्ग्युसन हातावर हात धरून बसला नव्हता. १९४६ पासून इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात त्याचा टीई २० निघायला लागला. पंचवीसेक हॉर्सपॉवरचा, वजनाला जेमतेम अकराशे किलोच्या पुढे, रंगाने करडा. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले आणि जगभर गेले. एव्हरेस्ट चढणारे एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते याच ट्रॅक्टरना पट्टे बसवून.

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केली. सौद्यात दहा लाख डॉलरवर अडलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी चक्क नाणं उडवलं. फर्ग्युसन हरला. पुढच्याच वर्षी तो कंपनीतून बाहेर पडला, आणि १९५८ पासून कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन झालं. म्हणजे ज्या नावाखाली आपण त्याला ओळखतो, त्या कंपनीत तो स्वतः नव्हताच.

माणूस म्हणून तो सोपा नव्हता. टापटिपीचं वेड, प्रत्येक गोष्ट आपल्याच पद्धतीने हवी, भागीदारांशी खटके. उतारवयात नैराश्य आणि निद्रानाशाने तो त्रासला होता. तरी डोकं चालूच होतं. शेवटची वर्षं त्याने फोर व्हील ड्राइव्हच्या मोटारींवर घालवली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीने बनवलेल्या फोर व्हील ड्राइव्ह रेसिंग कारने, स्टर्लिंग मॉसच्या हाती, इंग्लंडमध्ये फॉर्म्युला वन गाड्यांची एक शर्यत जिंकली.

आणि तो गेला त्याच १९६० साली मद्रासमध्ये टाफे कंपनी सुरू झाली, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने. आमचा लाल १०३५ तिथूनच आलेला.

गावातलं टाइप-सी

आज टाइप-सी केबल कोणत्याही फोनला लागते, त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. ट्रॅक्टरच्या जगात हे केव्हाच झालं. फर्ग्युसनची तीन टोकांची जोडणी आता आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७३०. पिनांचे आकार आणि अंतरं ठरलेली आहेत. म्हणून आमच्या गावात एकाचा ट्रॅक्टर, दुसऱ्याचा कल्टिव्हेटर आणि तिसऱ्याचा रोटाव्हेटर असा मेळ सहज बसतो. कंपनी कोणतीही असो.

तुमच्या घरी किंवा मामाच्या गावी जुना ट्रॅक्टर असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, काहीही ओढायचं असेल तर साखळी नेहमी खाली, ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकच्या जागी कधीच नाही, पाच मिनिटांच्या कामासाठीसुद्धा नाही. दुसरी, लिफ्टचा लिव्हर म्हणजे नुसतं वर-खाली करायचं बटण नाही. दोन लिव्हर असतील तर नांगरताना ड्राफ्टचा कोणता आणि पोझिशनचा कोणता, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून घ्या. ते सगळं त्यांच्या हातात असतं, फक्त आपण कधी विचारत नाही.

आमचं काय झालं? मृगाच्या आधी दीड एकर साफ झालं. उरलेल्या अर्ध्या एकरातला पळस अजून आमच्यावर हसतोय. पहिल्या दमदार पावसानंतर काकाजींनी पऱ्हे टाकले आणि मला फोटो पाठवला. जमीन विकायचा विषय बाबांनी पुन्हा काढलेला नाही, आणि ट्रॅक्टर गोठ्यामागून निघून आता समोरच्या अंगणात उभा असतो.